म्हाल्याचा निसणा

पांढुर्ण्याचे नाव वृत्तपत्रांत वर्षातून एकदाच ठळक अक्षरांत येते, ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणाऱ्या गोटमारीमुळे. साहजिकच इकडच्या दगडांविषयी बाहेरच्यांचा ग्रह फारसा बरा नाही. आज मला या मुलखातल्या दगडांची निराळी हकीकत सांगावयाची आहे. तिच्यात डोके फुटत नाही. फार तर हनुवटीवर एखादा ओरखडा उठतो.

आमच्या मोहगावात न्हाव्याला म्हाली म्हणण्याचा वऱ्हाड-नागपूरकडचा प्रघात अजून आहे. ज्यांना सारे गाव बाबा म्हणते अशा एका वयोवृद्ध म्हाल्यांच्या धोकटीत वाटी, आरसा, नराणी यांच्यासोबत जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला एक दगड असतो. रंग काळसर हिरवा, लांबी वीतभर, मध्यभागी झिजून किंचित खोलगट. तो त्यांच्या आजोबांपासून चालत आलेला आहे. बाबा त्याला ‘निसणा’ म्हणतात. घासून तीक्ष्ण केलेले ते निशित. निसणा हा त्याच संस्कृत शब्दाच्या गोतातला. कठोपनिषदात श्रेयाच्या मार्गाला वस्तऱ्याच्या पाजळलेल्या धारेची उपमा दिली आहे, तिथेही हाच शब्द आहे. मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या माझ्यासारख्याला हा शब्द कोशात भेटावा आणि बाबांना तो रोज हाताशी लागावा, यातला फरक मी जाणून आहे. माझ्या शाळेतली मुले मात्र त्या वस्तूला ‘पत्थर’ म्हणून मोकळी होतात.

वस्तरा लावणे हे विळी किंवा कोयता लावण्याइतके सोपे नाही. पाते दगडावर अगदी आडवे टेकवावयाचे, म्हणजे पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला लागतात आणि कोन आपोआप सांभाळला जातो. पाण्याचे चार थेंब टाकून धार पुढे ठेवून सारावयाचे, टोकाशी पाठीवरून उलटावयाचे आणि परत यावयाचे. दाब जवळजवळ नाहीच. मग चामड्याच्या पट्ट्यावर धार मागे ठेवून ओढावयाचे. पाण्यात दगडाचा जो सूक्ष्म चिखल होतो, तोच खरे काम करतो. बाबा तो पुसून टाकत नाहीत. बोटाने सारखा करीत राहतात आणि शेवटी शेवटी पाणी घालून पातळ करीत नेतात.

कारखान्यात केलेला दगड याहून लवकर काम करतो, हे कबूल केले पाहिजे. १८९१ मध्ये अमेरिकेत अ‍ॅचेसनने विजेच्या भट्टीत कार्बोरंडम तयार केले; १९५४ मध्ये मद्रासला त्याचा मोठा कारखाना निघाला. त्या दगडाचा कण सर्वत्र सारखा असतो आणि एक वापरला की त्याच जातीचे सगळे दगड समजले. खाणीतून किंवा नदीतून आलेल्या दगडाचे तसे नाही. तो ज्याचा त्यालाच उमगतो, आणि तेही काही वर्षांनी. माझ्या मते त्याची सारी ओढ यातच आहे. बाकी ‘नैसर्गिक’ या शब्दाची मोहिनी मला फारशी पटत नाही.

युरोपात वस्तऱ्यासाठी नावाजलेला दगड बेल्जियमच्या आर्देन डोंगरांतला. व्हिएलसाल्म गावाच्या आसपास पिवळट दगडाच्या काही बोटे जाडीच्या शिरा आहेत. त्याला कोतिक्यूल म्हणतात. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ नुसता ‘छोटा निसणा’. अभ्रकाच्या मऊ गादीत स्पेसार्टाइन नावाच्या मँगनीजयुक्त गार्नेटचे कण रुतलेले असतात, आणि ते इतके बारीक की माणसाच्या केसाच्या जाडीचा दहावा भाग म्हटले तरी चालेल. गार्नेट वस्तऱ्याच्या पोलादाहून थोडे कठीण आणि आकाराने गोलसर, म्हणून ते पोलाद कापते, पण खोल चरे पाडीत नाही.

आता गंमत पाहावी. हेच स्पेसार्टाइन आमच्या दाराशी आहे. सौसर हे आमचे तालुक्याचे गाव भूगर्भशास्त्रज्ञांना जगभर ठाऊक आहे, कारण मध्य भारतातील मँगनीजधारी खडकांच्या एका मोठ्या समूहाला त्यांनी त्याचेच नाव दिले आहे. त्यातील स्पेसार्टाइन आणि गारगोटी यांनी बनलेल्या खडकाला फर्मर या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञाने १९०९ साली गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले. म्हणजे आर्देनचा कोतिक्यूल आणि सौसरचा गोंडाइट हे एका कुळातले चुलतभाऊ. दोघांचाही जन्म समुद्राच्या तळाशी बसलेल्या मँगनीजयुक्त गाळातून झाला. पण तिकडच्या गाळाला आच बेताची लागली आणि कण सूक्ष्मच राहिले. इकडे सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या उलथापालथीत खडक फार तापले, दाबले गेले आणि कण वाढून पुष्कळदा नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढे झाले.

हे सर्व वाचून झाल्यावर खाणीकडून आलेला गोंडाइटचा एक तुकडा मी बाबांना नेऊन दाखविला. पुस्तकातले काही सांगितले नाही. त्यांनी तो पाण्यात बुडवला, अंगठ्याचे नख दोनदा त्यावरून फिरवले आणि परत माझ्या हातात ठेवला.

“हा गोटा खाते जी गुरुजी, पाजवत नाई.”

फर्मरच्या जाडजूड ग्रंथाला जे सांगावयाला तापमान आणि दाब लागतात, ते नखाला कळले. ही विद्या लिहून ठेवता येईल असे मला वाटत नाही. मी प्रयत्न केला. दोन पानांपुढे गेलो नाही.

बाबांच्या मुलाचे सौसरला केशकर्तनालय आहे. तिथे प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे अर्धे ब्लेड लावले जाते आणि ते योग्यच आहे. रक्तातून पसरणाऱ्या रोगांची जाण वाढल्यापासून एकच वस्तरा दहा हनुवट्यांवर फिरविणे कोणी शहाणा माणूस सहन करणार नाही. त्या दुकानात निसण्याला काम नाही, हा काही मुलाचा दोष नव्हे. गावातले आम्ही तिघेचौघे मात्र आपापला वस्तरा घरी ठेवतो. वस्तरा आमचा, दगड बाबांचा, असा करार आहे.

मध्यंतरी सुतारांनी तो दगड पटाशीसाठी मागितला होता. बाबांनी दिला नाही. पटाशीने मधोमध नाली पडते म्हणाले. शाळेच्या कपाटात ठेवू का, असे मीही विचारले. त्यावर ते हसले आणि विचारते झाले, “कपाटात त्याले पानी कोन पाजन?”

दगड आता मध्ये इतका खोलगट झाला आहे की वस्तऱ्याच्या धारेचा मधला भाग त्याला टेकत नाही. दुसऱ्या सपाट फरशीवर वाळू आणि पाणी घालून तो दोनचार दिवस घासावा लागेल. बाबांच्या मनगटात तेवढा जोर उरलेला नाही. या कामाला मुलाने दिवाळीच्या सुट्टीत बसावे, असे त्यांनी त्याला सांगितले आहे. मुलाने ‘पाहू’ म्हटले आहे.