शाईचा पडदा कीं उजेडाचा पडदा ?

परीक्षेचा निकाल चांगला लागला, म्हणजे हल्लीं पुष्कळ घरांतून एक मागणी ऐकूं येते : "बाबा, मला टॅबलेट घेऊन द्या, त्यावर मी पुस्तकें वाचीन." मागणी वाचनाची असल्यामुळें ती पालकांस नाकारवत नाहीं. परंतु पुस्तक वाचण्यास टॅबलेट बरा कीं ई-रीडर बरा, याचा विचार पैसे मोजण्यापूर्वीं फारसा कोणी करीत नाहीं. तो येथें करावा असें आम्हीं योजिलें आहे.

गेल्या हिवाळ्यांत एका सकाळीं आम्ही दोन्ही यंत्रें घेऊन इंदुरी येथें इंद्रायणीच्या कांठीं बसलों होतों. दोहोंवर तुकोबांची गाथा उघडली होती. ऊन चढूं लागलें, तसा टॅबलेटमध्यें अभंगांच्या जागीं आमचाच चेहरा दिसूं लागला. ई-रीडरवरील अक्षरें मात्र उन्हांत अधिकच ठळक झालीं.

याचें कारण दोहोंच्या रचनेंत आहे. टॅबलेटचा पडदा स्वतः प्रकाश फेंकतो, म्हणून त्याला उन्हाशीं झगडावें लागतें. ई-रीडरचा पडदा कागदाप्रमाणें बाहेरचा प्रकाश परत पाठवितो. त्याच्या पोटांत केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असून त्यांत काळे व पांढरे कण तरंगत असतात. विजेच्या इशाऱ्यानें काळे कण वर आले कीं अक्षर उमटतें, पांढरे आले कीं कोरी जागा राहते. एकदां उमटलेलें पान टिकवून ठेवण्यास वीज लागत नाहीं. ती मुख्यतः पान उलटतांना खर्च होते. म्हणून एकदां चार्ज केलेला ई-रीडर आठवडेच्या आठवडे चालतो. टॅबलेट दिवसभराच्या वाचनानें थकतो. पावसाळ्यांत आमच्या मावळांत वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो. तेव्हां हा गुण लहान नव्हे. ही शाई बनविणारी ई-इंक कंपनी अमेरिकेंत १९९७ सालीं निघाली. तिचा पडदा असलेलें किंडल २००७ सालीं आलें, आणि आयपॅड हा टॅबलेट २०१० सालीं.

तथापि टॅबलेटची बाजूही ऐकली पाहिजे. बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें आतां पीडीएफ रूपांत विनामूल्य मिळतात. त्यांचीं पानें मोठीं, नकाशे व आकृती रंगीत. ई-रीडरच्या लहानशा काळ्या-पांढऱ्या पडद्यावर तीं पानें इतकीं आक्रसतात कीं अक्षर लावतां लावतां वाचक मेटाकुटीस येतो. तेथें टॅबलेटच श्रेष्ठ, हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों.

डोळ्यांविषयीं अतिशयोक्ति करूं नये. कोणत्याही पडद्याकडे एकटक पाहतांना पापण्या कमी लवतात व डोळे शिणतात. मधून मधून दूरवर पाहणें दोहोंच्या वाचकांस अवश्य आहे. झोपेची गोष्ट निराळी. अमेरिकेंत १२ जणांवर केलेल्या व २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका लहान प्रयोगांत, रात्रीं आयपॅडवर वाचणाऱ्यांस छापील पुस्तक वाचतांना लागे त्यापेक्षां झोप उशिरा लागली.

परंतु आमच्या मतें खरा भेद डोळ्यांचा नसून मनाचा आहे. टॅबलेट हा भर बाजार होय. पुस्तकाच्या शेजारींच तेथें खेळ, चित्रफिती व मित्रांचे निरोप मांडलेले असतात. नदीकांठच्या त्या एका तासांत त्यानें आम्हांस अनेकदां हांक मारली, आणि सांगावयास लाज वाटते, आम्ही प्रत्येक वेळीं ओ दिली. ई-रीडर मंद, बेरंगी व मुका. त्याला वाचण्यावांचून फारसें कांहीं येत नाहीं. हें दारिद्र्यच त्याचें वैभव आहे. २०२० सालीं शाळा बंद असतां पुष्कळ मुलांच्या हातीं अभ्यासासाठीं म्हणून यंत्र आलें. तें पुढें कशासाठीं राहिलें, हें प्रत्येक घरानें स्वतःस विचारावें.

म्हणून आमची सूचना अशी. पाठ्यपुस्तकांसाठीं टॅबलेट घ्यावा. पण तो एका मुलाचा न ठेवतां घराचा ठेवावा, आणि सर्वांसमक्ष वापरावा. चरित्रें, कथा व कादंबऱ्या आरंभापासून शेवटपर्यंत वाचावयाच्या असतील, तर ई-रीडर पत्करावा. दोन्ही परवडत नसतील, तर खंत करूं नये; ग्रंथालयांतील पुस्तकाला उन्हाचें भय नाहीं आणि विजेची गरज नाहीं.

इंदुरीहून देहू फार दूर नाहीं. तेथें याच इंद्रायणींत गाथेच्या वह्या बुडविल्या गेल्या व तेराव्या दिवशीं कोरड्या वर आल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. ते अभंग लोकांच्या मुखीं होते, म्हणून ते बुडणें शक्यच नव्हतें, असेंही कित्येक म्हणतात. विद्यार्थिमित्रहो, आमचीं दोन्ही यंत्रें उद्यां त्या डोहांत पडलीं, तर वर कांहींच येणार नाहीं. वाचतांना जें मुखीं बसलें असेल, तेवढेंच आमचें. ज्या पडद्यावर तें अधिक बसेल, तो पडदा निवडावा.