चौक कुणी लिहिला?

झाईहून बोर्डीकडे जाताना भिंतीभिंतींवर तारप्याचा फेर दिसतो. मोबाइलच्या कव्हरवर, कुर्त्यावरही तोच. आणि वारली चित्रकार कोण, असं कुणालाही विचारा, एकच नाव येतं: जिव्या सोमा म्हसे. गंजाडचे, 2011 चे पद्मश्री. त्यांच्या हाताबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती आपण सांगतो त्या इतिहासाबद्दल. तो सुरूच होतो 1970 च्या दशकात, भास्कर कुलकर्णी पाड्यांवर कागद घेऊन आले तिथून.

त्याआधी भिंती कोऱ्या होत्या?

लग्नघरात चौक लिहायच्या त्या सवासिणी. हो, ‘लिहायच्या’, वारली माणूस चौक काढत नाही, लिहितो. गेरूने सारवलेली कुडाची भिंत, तांदळाचं पीठ, बांबूची काडी. मधोमध पालघट देवी, शेजारच्या छोट्या चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या. मग धवलेरी गाण्यांतून देवांना बोलावणार. तीही बाईच. चौकाशिवाय लग्न लागायचं नाही.

म्हणजे ज्यांच्या हातावाचून लग्न अडायचं, त्यांच्यातली एकही आपल्याला नावाने माहीत नाही. ‘लोककलेत नावं नसतात हो,’ असं मला ऐकवलं जातं. अजिबात पटत नाही. पुरुषाने कागदावर काढलं की तो चित्रकार, आणि बाईने भिंतीवर लिहिलं की ती परंपरा? कागद विकता येतो, भिंत विकता येत नाही, एवढाच काय तो फरक.

तेव्हा पुढच्या लग्नात चौकाचा फोटो काढाल, तर खाली ‘वारली आर्ट’ लिहिण्याआधी काडी धरलेल्या बाईला नाव विचारा. तिची हरकत नसेल तर तेच लिहा.