रस्त्यावरच्या पोलिसाच्या हातात एके-४७ हवी का?

मागच्या ईद-ए-मिलादच्या जुलूसाला आमच्या नाक्यावर नेहमीसारखा बंदोबस्त होता. फरक एवढाच की लाठीवाल्या शिपायांबरोबर दोघं जण मोठ्या रायफली घेऊन उभे होते. सबीलवर शरबत वाटताना माझ्या वर्गातल्या सहावीच्या एका मुलीने विचारलं, "सर, ते आपल्याला वाचवायला आलेत की मारायला?" मी म्हटलं, "बेटा, वाचवायला." तेवढ्यात त्यांच्यापैकी एकाने आमच्याकडूनच शरबतचा ग्लास घेतला आणि मुलं हसली. पण प्रश्न माझ्या डोक्यात राहिला, कारण मी दिलेलं उत्तर अर्धंच होतं.

साध्या ड्युटीवरच्या पोलिसाला लष्करी पद्धतीची रायफल द्यावी का, हा वाद आपल्याकडे खऱ्या अर्थाने २६ नोव्हेंबर २००८ नंतर सुरू झाला. त्या रात्री सीएसटी स्टेशनात दोन हल्लेखोर एके-४७ घेऊन शिरले आणि तिथे ५० हून जास्त माणसं मारली गेली. मरणाऱ्यांत आपलेही होते. गावी जायला गाडीची वाट बघत बसलेली आख्खी कुटुंबं होती. समोर पोलिसांकडे काय होतं? लाठ्या, आणि काहींकडे थ्री-नॉट-थ्री. ही रायफल इंग्रजांच्या काळातली. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे ओढावा लागतो, तेव्हा दुसरी गोळी सुटते. समोरच्याच्या मॅगझिनमध्ये ३० गोळ्या आणि घोडा दाबून धरला की त्या काही सेकंदांत संपतात. रेल्वे पोलिसांचे इन्स्पेक्टर शशांक शिंदे तिथेच मारले गेले. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी हातात लाठी असताना कसाबची रायफल धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. हे आठवलं की "पोलिसांना चांगली हत्यारं द्या" म्हणणाऱ्याला चूक म्हणायची हिंमत होत नाही. मी तरी म्हणणार नाही.

पण त्याच रात्रीची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. सीएसटीवर कसाबचा तो प्रसिद्ध फोटो काढणारे सेबॅस्टियन डिसोझा यांनी नंतर सांगितलं की स्टेशनात हत्यार असलेले पोलीस होते, पण त्यांनी ते चालवलं नाही. त्या शिपायांना भित्रे म्हणणं सोपं आहे. मी म्हणत नाही. ज्याने वर्षानुवर्षं नेमबाजीचा सराव केलेला नाही, तो गर्दीने भरलेल्या स्टेशनात कोणावर नेम धरणार? हल्ल्यानंतर सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीनेही सरावाचा आणि गोळ्यांचा तुटवडा दाखवून दिला होता. म्हणजे प्रश्न फक्त जुन्या रायफलीचा नव्हता. बंदूक जुनी होती आणि तिचा सरावही नव्हता. नवी बंदूक पैसे टाकून येते. सराव दर महिन्याला करावा लागतो, त्याला गोळ्या लागतात, मैदान लागतं, सुट्टी लागते.

माझा एक जुना विद्यार्थी पोलिसात आहे. भरतीच्या वेळी पहाटे फजरनंतर आमच्या मैदानावर धावायचा. तो म्हणतो, "सर, बारा तास ती खांद्यावर घेऊन उभं राहायचं, आणि चालवायची वेळ म्हणाल तर वर्षात एखादा दिवस." हे एकट्याचं सांगणं आहे, त्यावरून सगळ्या खात्याचा हिशेब मांडता येत नाही. पण तो खोटं बोलणारा मुलगा नाही.

आता ३१ जुलै २०२३ ची पहाट. जयपूरहून मुंबईला येणारी सुपरफास्ट गाडी, पालघर मागे टाकून मुंबईकडे निघालेली. गाडीत बंदोबस्ताला असलेल्या रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाने आपल्या स्वयंचलित रायफलीतून आधी आपलेच वरिष्ठ, सहायक उपनिरीक्षक टीकाराम मीना यांना मारलं. मग वेगवेगळ्या डब्यांत जाऊन तीन प्रवाशांना मारलं. तिघेही मुसलमान. एका मयताजवळ उभा राहून तो जे बोलत होता त्याचा व्हिडिओ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे, ते इथे पुन्हा लिहीत नाही. दलाने त्याला बडतर्फ केलं, खुनाबरोबरच दोन समाजांत वैर पसरवल्याच्या कलमाखालीही आरोपपत्र दाखल झालं. बाकी कोर्टाचं काम आहे.

मला त्या प्रकरणातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. सोबतच्या जवानाने जबाबात सांगितलं की हा माणूस तब्येत बरी नाही, ड्युटी सोडून उतरायचं आहे, असं म्हणत होता. त्याला रायफल बाजूला ठेवून आराम करायला सांगितलं गेलं, पण थोड्याच वेळात उठून त्याने जबरदस्तीने रायफल घेतली. म्हणजे काहीतरी बिघडलंय हे सोबतच्यांना दिसत होतं, पण अशा माणसापासून हत्यार दूर ठेवायची पक्की सोय नव्हती. नंतर मुंबईतल्या गाड्यांमध्ये एस्कॉर्टच्या जवानांना रायफलीऐवजी पिस्तूल द्यायचं ठरल्याच्या बातम्या आल्या. चांगलंच झालं. पिस्तुलानेही माणूस मरतो, हे खरं. पण बंद डब्यात, बर्थवर झोपलेल्या लोकांमध्ये दूरवर मारा करणाऱ्या रायफलीचं काम काय, हा सवाल चार जीव जायच्या आधी विचारायला हवा होता.

रायफलीची गोळी पिस्तुलाच्या गोळीपेक्षा कितीतरी वेगाने जाते आणि शे-दोनशे मीटरवरही तिचा जोर टिकतो. आपल्या वस्त्या डोळ्यांसमोर आणा. पत्र्याच्या भिंती, प्लायवूडची पार्टिशनं, दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं. नेम चुकला तर ती गोळी भिंतीपाशी थांबत नाही. ज्यांनी हे हत्यार रणांगणासाठी बनवलं त्यांच्यासमोर मोहल्ला नव्हता.

इथे १९९२-९३ ची आठवण येणारच. श्रीकृष्ण आयोगाने मुंबई दंगलीतल्या मृतांचा आकडा ९०० दिला, त्यात मुसलमान ५७५. आणि या ९०० पैकी ३५६ माणसं पोलिसांच्या गोळीबारात गेली, म्हणजे चाकूने भोसकून मेलेल्यांपेक्षाही जास्त. वडाळ्याची हरी मशीद, मोहम्मद अली रोडची सुलेमान उस्मान बेकरी, ही नावं आमच्या पिढीला पाठ आहेत. बेकरीच्या प्रकरणात वरिष्ठ अधिकारी खटला उभा राहण्याआधीच सुटले. तेव्हा रस्त्यावरच्या साध्या शिपायाकडे एके-४७ नव्हती, तरी आकडा ३५६. कोणी म्हणेल, मग हत्याराने काय फरक पडतो, माणूसच बदलायला हवा. माझं म्हणणं, माणूस बदलायला वेळ लागतो, आणि तोवर त्याच्या हातात काय आहे याने फार फरक पडतो.

आणि ही फक्त आपली कैफियत नाही. २२ मे २०१८ ला तामिळनाडूत तूतुकुडीला स्टरलाइटच्या कारखान्याविरुद्ध लोक रस्त्यावर आले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात १३ जण गेले. साध्या कपड्यातला पोलीस गाडीच्या टपावर बसून रायफलीने नेम धरतोय, हे दृश्य देशाने टीव्हीवर पाहिलं. तिथे ना मशीद होती ना जुलूस. अमेरिकेत बोस्टनच्या पोलिसांना लष्कराच्या एम-१६ रायफली गस्तीसाठी द्यायची योजना २००९ मध्ये आली, तेव्हा शहराच्या महापौरांनीच ती अडवली. म्हणजे हा सवाल विचारणारा पोलिसांचा दुश्मन असतो असं काही नाही.

आपल्या कायद्यात तर पोलीस आणि लष्कर यांची कामं वेगळीच लिहिलेली आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४८ पोलिसांनी जमाव पांगवण्याबद्दल, आणि त्याने भागलं नाही तर लष्कर बोलावण्याचं कलम १४९. गंमत बघा, लष्करालाही त्यात ताकीद आहे की शक्य तितकं कमी बळ वापरा, शक्य तितकी कमी इजा करा.

मग करायचं काय? माझ्या मते प्रत्येक मोठ्या शहरात क्विक रिस्पॉन्स टीम हवी, तिच्याकडे उत्तम रायफली हव्यात, बुलेटप्रूफ जॅकेटं हवीत, आणि ती काही मिनिटांत पोहोचायला हवी. २६/११ नंतर राज्याने फोर्स वन उभं केलं, ते योग्यच केलं. अतिरेकी आला तर त्याच्यासमोर लाठी देऊन कोणाच्या मुलाला उभं करू नका. पण जुलूस, विसर्जन, मोर्चा, लोकल गाडी, मशिदीबाहेरचा जुम्मा, इथे उभ्या असलेल्या शिपायाला रायफल नको. दंगलविरोधी ढाल द्या, पिस्तूल लागलंच तर अधिकाऱ्याकडे असू द्या. ज्याला रायफल द्याल त्याचा वर्षातून अनेकदा सराव घ्या, त्याची मानसिक तपासणी करा, त्याला झोप आणि सुट्टी द्या. आणि सुटलेल्या प्रत्येक गोळीचा लेखी हिशेब घ्या.

हिशेबाची दारं कागदावर आहेत. पोलीस तक्रार प्राधिकरण नेमा, हे सुप्रीम कोर्टाने २००६ मध्येच प्रकाश सिंग खटल्यात सांगितलं. महाराष्ट्रात कायदा बदलून राज्य पातळीवर ते आलं. चकमकीत माणूस मेला तर स्वतंत्र तपास कसा व्हावा, याचे १६ मुद्दे २०१४ च्या निकालात आहेत, आणि तो खटला तर मुंबईच्याच चकमकींवरून उभा राहिला होता. आपल्या घरांत यातलं कितीजणांना माहीत आहे? आमच्या शाळेच्या पालकसभेत मी विचारलं तेव्हा एकही हात वर आला नाही, आणि त्यात दोन वकील बसले होते.

पुढच्या सभेला त्याच वकिलांपैकी एकाने प्राधिकरणाकडे अर्ज कसा करायचा ते समजावून सांगायचं कबूल केलंय. पोलिसातल्या त्या विद्यार्थ्यालाही बोलावलंय. ड्युटी नसेल तर येतो म्हणाला.