जुनी सायकल, नवे भाग

गेल्या हिवाळ्यात आठवडाभर आमचा मुक्काम उज्जैन येथे आमच्या भगिनीच्या घरी होता. १८१० पर्यंत शिंद्यांची राजधानी असलेल्या या नगरीत मराठी बोल अजूनही कानी पडतो. त्यामुळे परक्या ठिकाणी आल्यासारखे आम्हांस वाटले नाही. क्षिप्रेचे घाट पाहावे, सवाई जयसिंगाची वेधशाळा पाहावी, असा आमचा बेत होता. परंतु आमचा बराचसा वेळ फ्रीगंज भागातील एका सायकल दुरुस्तीच्या दुकानापुढील बाकावर गेला, आणि तो व्यर्थ गेला असे आम्ही म्हणणार नाही.

त्याचे कारण आमचा अठरा वर्षांचा भाचा. शहराबाहेर सात-आठ किलोमीटरांवरील एका गावी, दूध संकलन केंद्रात, त्याला नुकतेच काम लागले आहे. पहाटे पाचला घर सोडावे लागते. अंधार, धुके, मोठ्या रस्त्यावरील ट्रक आणि पुढे माळव्याच्या काळ्या मातीची कच्ची वाट! वाहन म्हणजे थोरल्या भावाने दहा वर्षे वापरलेली, जाड टायरांची, अठरा गिअरांची डोंगरी सायकल. आम्ही पोहोचलो तेव्हा त्याच्या गुडघ्याला पट्टी होती. जुनी चेन सैल पडली म्हणून त्याने एका दुकानातून नवी बसवून घेतली होती. तिसऱ्याच दिवशी चौकात जोराने पॅडल मारताच ती दात्यांवरून निसटली, आणि तो एका टेम्पोच्या पुढ्यात पडला. टेम्पो वेळीच थांबला म्हणून निभावले. तेव्हापासून आमच्या भगिनीचा एकच हेका: "काम सोड, पण त्या सायकलीवर बसू नकोस." काम सोडणे घराला परवडणारे नव्हते, आणि नवी सायकल घेणेही नव्हते.

भाच्याने चार हजार रुपये साठवून एक यादी केली होती: धक्के शोषणारा पुढचा चिमटा, डिस्क ब्रेक, नवे गिअर, रंगीत हँडल. "मामा, एवढे बसवले की सायकल नव्यासारखी होईल, मग आईची भीतीही जाईल," असे तो म्हणाला. दुकानातील वयोवृद्ध मिस्त्रींनी यादी वाचली, घडी घालून परत दिली आणि सायकल उलटी करून ठेवली. "बेटा, आधी हिला काय हवे ते पाहू," असे ते आपल्या माळवी वळणाच्या हिंदीत म्हणाले.

प्रथम चेन. चेनीची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची असते. चोवीस कड्या मोजल्या की बरोबर बारा इंच भरले पाहिजेत. वापराने कड्यांचे खिळे झिजतात आणि चेन लांबते. बारा इंचांवर एक षोडशांश इंचाची वाढ दिसली की ती बदलावी. ती वेळ टळली, तर लांबलेली चेन फ्रीव्हीलचे दातेही आपल्या मापाने झिजवते, आणि मग नव्या चेनीला त्या दात्यांत बैठक मिळत नाही. भाच्याच्या अपघाताचे मूळ येथे होते. नव्या कापडाचे ठिगळ जुन्या वस्त्राला लावले तर काय होते, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. नवी चेन निर्दोष होती. तिला जोडीचे नवे फ्रीव्हील मिळाले.

नंतर ब्रेक. पुढच्या ब्रेकचे रबर झिजून आतील धातू रिमवर घासत होता, आणि मागच्या ब्रेकची तार नळीत गंजून अडकली होती. डिस्क ब्रेकची गोष्ट मिस्त्रींनी तेथेच मिटविली. तो बसविण्याची जागा त्या फ्रेमवर नव्हती, चिमट्यावरही नव्हती, आणि त्याला हबही निराळे लागते. धक्के शोषणारा चिमटा मापापेक्षा लांब घेतला तर सायकलीचे तोंड वर उचलले जाते व हँडल पूर्वीसारखे चालत नाही. म्हणून नवे रबर, नव्या तारा व नव्या नळ्या, एवढेच घेतले. खर्च थोडका, पण हँडलवरील दांडी नुसती ओढताच चाक जागच्या जागी थांबू लागले.

टायरांचा प्रसंग गमतीचा होता. आमच्या मेहुण्यांनी हौसेने एक सव्वीस इंची टायर आणले होते; ते काही केल्या चढेना. सव्वीस इंची म्हणविणारी टायरे एकाच मापाची नसतात, हे आम्हांसही त्या दिवशी कळले. टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत खरे माप असते: डोंगरी सायकलीचे ५५९ मिलिमीटर, आणि २६ × १ ३/८ अशा साध्या सायकलीचे ५९०. खरेदीस जाताना जुन्या टायरवरील हा आकडा लिहून न्यावा.

पॅडल बसविण्याचे काम मिस्त्रींनी भाच्यालाच दिले. डावे पॅडल तो नेहमीच्या दिशेने, पान्याला जोर देऊन फिरवू लागला, तेव्हा त्यांनी त्याचा हात धरला. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, कारण एरवी चालविताना ते आपोआप सैल होईल. बळजोरी केली की क्रँकचे आटेच जातात. हबातील छर्रे मात्र भाच्याने स्वतः रॉकेलने धुतले, ग्रीस भरले, आणि मिस्त्रींनी चाकाची आऊट काढली.

चहा घेताना आम्ही भाच्याला एक हकीकत सांगितली. डोंगरी सायकल कोणा कारखानदाराच्या डोक्यातून निघालेली नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, मरिन परगण्यातील तरुण जाड टायरांच्या, मोडीत निघालेल्या जुन्या सायकली घेऊन टॅमलपायस डोंगराच्या परिसरातील उतारांवरून सुसाट खाली येत. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबात असे. उतरताना तो इतका तापे की आतील ग्रीस जळून धूर निघे, व प्रत्येक फेरीनंतर हब उघडून ग्रीस पुन्हा भरावे लागे. त्यावरून तेथील एका वाटेचे नावच 'रीपॅक' पडले. १९७६ च्या ऑक्टोबरात तेथे पहिली शर्यत झाली. जुन्या सायकलींना चांगले ब्रेक व गिअर जोडीत, आणि १९७७ पासून नव्या फ्रेमी घडवीत, त्या तरुणांनी ही सायकल सिद्ध केली. "म्हणजे मामा, त्यांचेही आधी ब्रेकवरच अडले होते!" असे म्हणून भाच्याने आपली यादी हळूच खिशात घातली.

खर्च अडीच हजारांच्या आत झाला. उरलेल्या पैशांतून पुढचा दिवा, मागचा तांबडा दिवा व घंटा घेतली. दुसऱ्या दिवशी पहाटे आमची भगिनी दारात उभी होती. तिने काही न बोलता दोन्ही ब्रेक दाबून धरले आणि सारा जोर लावून सायकल पुढे ढकलून पाहिली. चाक तसूभरही फिरले नाही. मग तिने डबा कॅरिअरला लावून दिला. तांबडा दिवा वळणाआड जाईपर्यंत ती तेथेच उभी होती.

वाचकहो, आपल्याही पडवीत एखादी जुनी सायकल भिंतीशी टेकून असेल. पावसाळ्यापूर्वी ती एकदा उलटी करून पाहा. आधी ब्रेक, मग चाके व टायरे, मग चेन आणि फ्रीव्हील यांची जोडी. शोभेचे भाग शेवटी, पैसे उरले तर. घरचे माणूस सुखरूप परत यावे, यासाठीच ती सायकल आहे.