शाखा कोणती, याआधी काम कोणाचे?

बारावीचा आणि सामायिक प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की महाराष्ट्रातील हजारो घरांत एकच प्रश्न घोळू लागतो : अभियांत्रिकीची कोणती शाखा घ्यावी? संगणक मिळाला तर पेढे वाटले जातात. स्थापत्य किंवा यंत्र अभियांत्रिकी मिळाली तर नातेवाईक सांत्वनाला आल्यासारखे बोलतात. या पेचात सापडलेल्या मुलामुलींपुढे दोन प्रकारचे सल्लागार उभे असतात. पहिला म्हणतो, जिथे पगार जास्त तिथे समाधान. दुसरा स्वतःला अधिक सुसंस्कृत समजतो. तो म्हणतो, पैशाकडे पाहू नका, मनाचा कौल घ्या, समाधान आपोआप लाभेल. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही उपदेशांचे मूळ एकच आहे. कामातले समाधान ही ज्याची त्याची खासगी मिळकत आहे, असे दोघेही गृहीत धरतात. हे गृहीतकच तपासले पाहिजे. त्यात काही तरुणांचा भ्रमनिरास तर आहेच. पण या राज्यातील पाणी, रस्ते, वीज आणि गटारे यांचे भवितव्यही त्याच्याशी बांधलेले आहे.

आधी ‘मनाच्या कौला’चा विचार करावा. जत किंवा आष्टी तालुक्यातील सतरा वर्षांच्या मुलाने ओतशाळा पाहिलेली नसते. वीज उपकेंद्राच्या कुंपणाआत पाऊल टाकलेले नसते. धरणाचे दरवाजे कोणत्या हिशेबाने उघडतात हे सांगणारा अभियंता त्याला भेटलेला नसतो. जे पाहिलेच नाही त्याची आवड त्याने कोठून आणावी? आवड परिचयातून उपजते आणि परिचय या समाजात वर्ग, जात व शहर यांच्या हिशेबाने वाटला जातो. मुलींच्या बाबतीत तर ‘हे तुला झेपणार नाही’ हा घरचा निकाल मनाच्या कौलाआधीच लागलेला असतो. शकुंतला भगत यांनी १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि पुढे सुट्या भागांतून जोडता येणाऱ्या पोलादी पुलांची पद्धत विकसित केली. तरीही बांधकामाची जागा बायकांसाठी नव्हे, असे आजही सांगितले जाते. त्याच बांधकामावर डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बायका मात्र कोणाला खटकत नाहीत.

मनाच्या कौलावर आणखी एक स्वारी बसलेली असते : कर्ज. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याआधी राज्यात अशी महाविद्यालये मोजकी होती आणि ऐपत असलेल्यांची मुले कर्नाटकात जाऊन शिकत, हे मान्य केले पाहिजे. नव्या धोरणाने तालुक्याच्या गावापर्यंत पदवी पोचविली, हेही खरे. पण शिक्षणाचा खर्च राज्याच्या खांद्यावरून उतरून बापाच्या सातबाऱ्यावर चढला, हे त्याहून खरे. काही सामाजिक घटकांना शुल्कात सवलत मिळते; २०२४-२५ पासून ठराविक उत्पन्नमर्यादेतील मुलींचे शुल्कही राज्याने माफ केले. हा चांगला निर्णय चळवळींच्या वर्षानुवर्षांच्या रेट्याशिवाय झाला नसता. तरी वसतिगृह, खाणावळ आणि शहरातील खोलीभाडे यांचा बोजा उरतोच. ज्या घराने चार वर्षांसाठी लाखाचे कर्ज काढले, त्या घरातील मूल शाखा निवडत नाही. कर्जाचा हप्ता शाखा निवडतो.

आता पहिल्या सल्लागाराकडे वळावे. पगाराच्या आकड्यावर विसंबणाऱ्याने निदान इतिहास तरी वाचावा. १८४७ साली रुरकीचे महाविद्यालय उभे राहिले ते गंगेच्या कालव्यासाठी. १८५४ साली पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला तो सार्वजनिक बांधकामाला दुय्यम अधिकारी हवे होते म्हणून. १८८७ साली मुंबईत व्हीजेटीआय निघाली तेव्हा गिरण्यांच्या धुराड्यांना कुशल माणसांची गरज होती. शाखेचा भाव आधी सत्तेने ठरविला आणि मग मालकाने. वस्त्र तंत्रज्ञान ही एके काळी मुंबईतील मानाची वाट होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतरच्या वर्षांत गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनीवर मनोरे उभे राहिले. कामगार देशोधडीला लागला आणि त्याच्या मागोमाग त्या शाखेचा भावही उतरला. मालकाला जमीन कापडाहून किफायतशीर वाटू लागली, तेव्हा विणकामशास्त्र जाणणाऱ्या अभियंत्याला कोणी विचारले नाही.

आज तोच खेळ संगणकाच्या पटावर मांडला आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून चांगली कामगिरी दाखविणाऱ्या संस्थांसाठी एका शाखेतील जागांची कमाल मर्यादा उठविली. संस्थाचालकांनी मागणी असलेल्या शाखेच्या तुकड्या वाढविल्या. तिला प्रयोगशाळेत जड यंत्रे लागत नाहीत, ही सोयही त्यांच्या ध्यानात होतीच. इकडे माहिती-तंत्रज्ञानातील मोठ्या कंपन्यांचा नवागतासाठीचा तीन-साडेतीन लाखांचा वार्षिक पगार दहा-पंधरा वर्षे जवळपास तेथेच थबकलेला आहे आणि महागाई मात्र थबकलेली नाही. जुलै २०२५ मध्ये देशातील सर्वांत मोठ्या अशा कंपनीने, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने, सुमारे १२,००० कर्मचारी कमी करण्याची योजना जाहीर केली. यात संगणकशास्त्राचा दोष काहीच नाही. ते एक थोर शास्त्र आहे. दोष त्या भ्रमाचा आहे, जो सतरा वर्षांच्या मुलाला सांगतो की ही शाखा घे, म्हणजे पुढली चाळीस वर्षे सुरक्षित. मालकाच्या मर्जीवर चालणाऱ्या बाजारात सुरक्षित शाखा नावाची वस्तू नाही.

मग अभियंत्याला समाधान कशात असते? तीन गोष्टींत. कामात त्याचे कौशल्य वाढत गेले पाहिजे. कामाच्या निर्णयात त्याच्या शब्दाला वजन असले पाहिजे. आणि त्या कामाने कोणाचे तरी जगणे सुसह्य झालेले त्याला दिसले पाहिजे. या तिन्ही गोष्टी शाखेच्या नावावर अवलंबून नाहीत. त्या कामाच्या मालकीवर आणि हेतूवर अवलंबून आहेत.

एकाच क्षेत्रातील दोन उदाहरणे पुरेशी आहेत. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि वीसच्या आसपास माणसे वाहून गेली. धरणाला गळती असल्याची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. तेव्हाच्या जलसंधारणमंत्र्यांनी दोष दिला तो खेकड्यांना! गावकऱ्याची तक्रार आणि तिच्यावरील तांत्रिक निर्णय यांच्यामध्ये जी यंत्रणा झोपून राहते, तिच्यात काम करणाऱ्या अभियंत्याला पगार मिळतो, बढती मिळते. पण समाधान कोणत्या तोंडाने मिळणार?

दुसरे उदाहरण पुरंदर तालुक्यातील नायगावचे. १९७२ च्या दुष्काळाने हललेले विलासराव साळुंखे हे पुण्याचे अभियंता. त्यांचा कारखाना होता अचूक मोजमापाच्या उपकरणांचा. सिंचन हा त्यांचा व्यवसाय नव्हे. पण ज्याला सूक्ष्म मोजता येते त्याला पाणीही मोजता येते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या पाणी पंचायतीने पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर न ठरविता घरातील माणसांवर ठरविला, भूमिहीनालाही हक्क दिला आणि उसाला पाणी नाकारले. पाणलोटाची आखणी, उपसा आणि वाटप हे सारे तंत्रच आहे. पण पाणी कोणाचे, हा प्रश्न आधी विचारल्यामुळेच त्या तंत्राला अर्थ आला. डॉ. आंबेडकरांनी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना नद्यांच्या नियोजनासाठी केंद्रीय आयोग उभारण्याचा आग्रह धरला आणि १९४५ साली तो अस्तित्वात आला. पाणी व वीज हा केवळ तंत्रज्ञांच्या कचेरीतला विषय नाही, हे त्यांनी ओळखले होते.

यावर एक आक्षेप कार्यकर्त्यांतूनच घेतला जातो आणि तो टोलवून लावण्याजोगा नाही. समाधानाच्या गोष्टी पोट भरलेल्यांनी कराव्यात, शेतमजुराच्या मुलाला आधी पगार हवा, असे ते म्हणतात. बरोबर आहे. ज्या घरात पहिल्यांदा पदवी येते आहे, तेथील मुलीने पगार पाहून शाखा घेतली तर तिला कोणी समाजवादाचे प्रवचन देऊ नये. तिच्या निवडीत लाज वाटण्यासारखे काही नाही. लाज वाटायला हवी ती त्या व्यवस्थेला, जी पाणीपुरवठ्याच्या, रस्त्यांच्या आणि सार्वजनिक आरोग्याच्या अभियंत्यांची पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवते किंवा कंत्राटावर भरते, आणि मग तरुण सार्वजनिक कामाकडे वळत नाहीत म्हणून उसासे टाकते. समाजाला ज्याची सर्वांत जास्त गरज, त्या कामाला सर्वांत कमी स्थैर्य, ही विसंगती मुलांनी निर्माण केलेली नाही.

दुसरा आक्षेप असा की चांगला अभियंता कोठेही असला तरी आपल्या सचोटीने समाधान मिळवतोच. सचोटी एकाकी असली की तिची काय गत होते, हेही या देशाने पाहिले आहे. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामावरील अभियंता सत्येंद्र दुबे यांनी गैरव्यवहाराची माहिती पंतप्रधान कार्यालयाला कळविली. नाव गुप्त ठेवावे ही त्यांची विनंती पाळली गेली नाही. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांची हत्या झाली. हत्येमागे लूटमार होती असा निष्कर्ष तपासात निघाला. परंतु झाकायचे नाव उघडे पडले, ही गोष्ट त्याने पुसली जात नाही. महाराष्ट्रात मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी २०१२ साली सिंचन प्रकल्पांतील फुगविलेले खर्च आणि निकृष्ट कामे यांविषयी सरकारला पत्रे लिहिली, तेव्हा किती सहकारी जाहीरपणे त्यांच्या पाठीशी उभे राहिले? मोजमापाच्या वहीवर खोटी सही करणार नाही, असे कनिष्ठ अभियंत्याने म्हणावे यासाठी त्याच्यामागे संघटना लागते. वेतनवाढीपुरत्या संघटना आहेत. कामाच्या दर्जासाठी भांडणाऱ्या संघटना उभ्या राहायच्या आहेत.

यंत्र बनविले म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. केरळातील काही तरुण अभियंत्यांनी गटारांचे भुयारे साफ करणारे ‘बँडिकूट’ हे यंत्र तयार केले आणि २०१८ साली ते तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागले. त्या तरुणांना मिळालेले समाधान कोणत्याही पगाराहून मोठे असेल. पण माणसाला गटारात उतरविण्याविरुद्ध २०१३ चा कायदा असूनही कंत्राटदार माणूस उतरवतोच, कारण तो यंत्राहून स्वस्त पडतो. यंत्र अभियंत्याने द्यावे. ते विकत घेण्यास पालिकेला भाग पाडणे हे राजकीय कार्यकर्त्याचे काम आहे.

तेव्हा शाखा निवडणाऱ्यांना काय सांगावे? पसंतीक्रम भरण्याआधी एखादा आठवडा पाणीपुरवठा केंद्र, कारखाना किंवा संगणकावर काम करणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाची जागा प्रत्यक्ष पाहावी. महाविद्यालयाच्या इमारतीऐवजी प्रयोगशाळेतील यंत्रे चालू आहेत काय आणि शिक्षक कायम आहेत काय, हे विचारावे. भपकेबाज नावाच्या चिंचोळ्या शाखेपेक्षा स्थापत्य, यंत्र, विद्युत, रसायन, संगणक अशी रुंद पायाची शाखा घ्यावी. विशेष ज्ञान नंतर मिळविता येते, पाया नंतर घालता येत नाही. तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाट कमी प्रतीची मानू नये. हात आधी कामाला लागतात, हा तिचा मोठा गुण आहे.

आणि राज्याकडे काय मागावे? पहिले वर्ष बहुतेक विषयांत सर्व शाखांना समान असतेच. शाखेची निवड त्या वर्षाअखेर ठेवावी. सार्वजनिक खात्यांतील अभियंत्यांची रिक्त पदे कायमस्वरूपी भरावीत. शिकाऊ उमेदवाराला जगता येईल इतके विद्यावेतन द्यावे. गैरप्रकार उघड करणाऱ्या अभियंत्याला खरे संरक्षण द्यावे.

या मागण्या मोर्चात घोषणा म्हणून शोभतील. पण त्यांची सुरुवात तालुक्यापासून झाली पाहिजे. प्रवेशाच्या दिवसांत गावोगावचे पालक खासगी शिकवण्यांच्या दारात रांगा लावतात, कारण दुसरे कोणतेही दार उघडे नसते. पक्षाच्या आणि कामगार संघटनांच्या कचेऱ्यांत त्या पंधरवड्यात चार अभियंते, दोन पदविकाधारक आणि एक जुना कारागीर बसवून मोफत मार्गदर्शन सुरू केले, तर अनेक मुलांना पहिल्यांदाच कळेल की कामाचे समाधान शोधण्याची वाट त्यांनी एकट्यानेच चालायची नाही.