अंदाजाला जागा नको

इन्सुलिनच्या चिठ्ठीत ४ या आकड्यापुढे युनिटसाठी इंग्रजी ‘यू’ घाईत लिहिला, तर तो शून्यासारखा दिसतो आणि ४ चे ४० होतात. म्हणून ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायचा असतो.

जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांच्या रुबी या संगणकभाषेतही असाच धोका आहे. ‘डोस -१’ या ओळीआधी ‘डोस’ला किंमत दिलेली असेल, तर वजाबाकी होते. नसेल, तर ‘डोस’ नावाच्या मेथडला, म्हणजे नेमून दिलेले काम करणाऱ्या भागाला, उणे एक पाठवला जातो. इशाऱ्याची सोय चालू नसेल, तर संगणक निमूट पुढे जातो.

‘डोस(-१)’ असा कंस घातला की शंका मिटते. रुग्णालयांसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी ही सवय लावून घ्यावी. दोन अक्षरांचा आळस रुग्णाला महागात पडू नये.