दुपट्टा, नकाब आणि मोबाईलवरच्या घोषणा

मार्च उलटला की गडचांदूरच्या बसस्टँडवर चेहरे दिसेनासे होतात. राजुऱ्याच्या, चंद्रपूरच्या एसटीची वाट बघणाऱ्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून दुपट्टा घट्ट गुंडाळतात. मोटारसायकलवाले नाकातोंडावरून शेला बांधतात. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि सिमेंट कारखान्यांची, कोळशाच्या ट्रकांची धूळ तर बारमाही. कापूस वेचायला जाणाऱ्या बायकाही हिवाळ्यात तोंड बांधूनच निघतात. या सगळ्यांना तोंड का झाकलं म्हणून कोणी विचारत नाही. त्याच गर्दीत काळा नकाब घातलेल्या दोघी-तिघी उभ्या असतात. संध्याकाळी मोबाईल उघडला की सगळी चर्चा फक्त त्यांचीच.

म्हणजे प्रश्न चेहरा झाकण्याचा नाही. तो असता तर कोरपना तालुक्यातले निम्मे लोक उन्हाळाभर दोषी ठरले असते. प्रश्न आहे तो कोणी, कोणासाठी, कोणाच्या सांगण्यावरून झाकला याचा. आणि नेमका हाच प्रश्न घोषणांमध्ये कधी येत नाही, कारण तो चार शब्दांत मावत नाही.

फेब्रुवारी २०२२ आठवून पाहा. कर्नाटकात उडुपीच्या कॉलेजमधून सुरू झालेला हिजाबचा वाद पेटला होता. त्या दिवसांत आपल्या बीड शहरात एक फलक लागला : ‘पहले हिजाब, फिर किताब’. खाली आणखी एक ओळ होती, ‘हर कीमती चीज परदे में होती है’. फलक बीडमध्ये, पण फोटो घराघरातल्या ग्रुपवर पोहोचला. आपल्यापैकी कितीतरी जणांनी तो पुढे पाठवला. रागाच्या भरात पाठवला असेल, आणि तो राग समजण्यासारखा होता. पण त्या ओळी कोणी शांतपणे वाचल्या का?

‘पहले’ हा शब्द बघा. कर्नाटकातल्या त्या मुली दोन्ही मागत होत्या, डोक्यावर ओढणी आणि हातात पुस्तक. घोषणेने पुस्तकाला अट घातली. कॉलेजच्या फाटकावर उभा असलेला माणूस तरी वेगळं काय म्हणत होता? तो म्हणत होता, आधी हिजाब काढ, मग पुस्तक. दोघांच्याही वाक्यात पुस्तक दुसऱ्या नंबरवर आहे. ज्या धर्मात पहिल्या वहीचा पहिला शब्द ‘इक्रा’, म्हणजे वाच, असा आहे, त्या धर्माच्या नावाने वाचणं दुसऱ्या क्रमांकावर ढकललं गेलं आणि आपण त्यावर हिरवी हृदयं टाकली. आणि ‘चीज’? आपल्या लेकीला, बहिणीला वस्तू म्हटलेलं आपल्याला खटकलं नाही, कारण सोबत ‘कीमती’ लावलं होतं.

दुसऱ्या बाजूच्या घोषणांची तपासणीही याच मापाने करू. मुस्लीम बाईला बुरख्यातून मुक्त करण्याची भाषा जोरात चालते. ती करणाऱ्यांपैकी कितीजण १ जानेवारी २०२२ ला बोलले? त्या दिवशी ‘बुली बाई’ नावाच्या ॲपवर मुस्लीम स्त्रियांचे फोटो ‘लिलावा’ला लावले गेले होते. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या, बहुतेकींचे चेहरे उघडेच होते. उघड्या चेहऱ्याने त्यांना वाचवलं नाही. हिजाब ही परकी प्रथा, असंही आपल्याला सांगितलं जातं. मराठीत ‘गोशा’ हा शब्द आहे, आणि तो मराठा सरदार घराण्यांतल्या बायकांसाठीही वापरला जायचा. मारवाडी घरांतला घुंघट आपल्याच बाजारपेठेत दिसतो. पडदा एकट्या मुसलमानांनी आणलेला नाही. तो मोडण्याची जबाबदारी मात्र एकट्या मुसलमान मुलीवर.

मोबाईलवरची चर्चा आणखी एक घोळ करते. हिजाब, नकाब आणि बुरखा ती एकाच पोत्यात भरते. हिजाबने केस झाकतात, चेहरा दिसतो. नकाबने चेहरा झाकला जातो. कुरआनात सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा आदेश आधी पुरुषांना आहे, स्त्रियांना त्यानंतर. ओढणीचा उल्लेख तिथे आहे, पण चेहरा झाकणं बंधनकारक आहे का यावर उलेमांमध्ये जुना मतभेद आहे. हजच्या इहराममध्ये तर स्त्रीने नकाब घालायचा नाही, अशी हदीस आहे. हे सगळं माहीत असलेली माणसंही ग्रुपवर गप्प बसतात, कारण तिथे बोललं की लगेच ईमान तपासलं जातं.

या घोळाचं जवळचं उदाहरण चेंबूरचं. तिथल्या आचार्य-मराठे महाविद्यालयाने हिजाब, नकाब, बुरखा, टोपी यांवर बंदी घातली. विद्यार्थिनी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २६ जून २०२४ ला त्यांची याचिका फेटाळली गेली. ९ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बॅजवरच्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली, टिकली आणि टिळ्यावरही बंदी घालणार का, असं कॉलेजला विचारलं. त्याच वेळी वर्गात बुरखा चालणार नाही, हेही स्पष्ट केलं. आमच्या फोनवर हा निकाल दोन तुकड्यांत आला. काहींनी पहिला अर्धा पाठवला, काहींनी दुसरा. पूर्ण आदेश कोणीच पाठवला नाही.

आमचं मत लपवण्याचं कारण नाही. शिकताना, शिकवताना, परीक्षेत, बँकेत, मतदान केंद्रावर माणसाची ओळख पटली पाहिजे. तिथे चेहरा दाखवायला हरकत नसावी. एटीएमच्या दारावर हेल्मेट आणि स्कार्फ काढा असं लिहिलेलं असतं, ते सगळ्यांना लागू असतं, म्हणून कोणाला टोचत नाही. नियम फक्त एका कापडासाठी निघाला की टोचतो. जानेवारी २०२५ मध्ये राज्याचे मंत्री नितेश राणे यांनी दहावी-बारावीच्या परीक्षा केंद्रांवर बुरख्याला परवानगी देऊ नये, असं पत्र शिक्षणमंत्र्यांना लिहिलं. कॉपीची काळजी खरी असेल तर तपासणीची व्यवस्था मागायची होती. त्यांनी बंदी मागितली.

आता घरातलं बोलू. हे लिहायला जास्त जड जातं. ‘ती तिच्या मर्जीने घालते’ हे वाक्य आपण बाहेर फार ठामपणे म्हणतो. काही घरांत ते खरंही आहे, आणि तिथे कोणी नाक खुपसू नये. पण आपल्या मुलीने उद्या सांगितलं, ‘अब्बा, मी नकाब न घालता कॉलेजला जाते’, तर तिचा एसटीचा पास चालू राहील का? उत्तर ‘नाही’ असेल तर मर्जी हा शब्द आपण वापरू नये. तेहरानमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी ही २२ वर्षांची तरुणी पोलिसांच्या ताब्यात असताना मेली, ती डोकं नीट न झाकल्याच्या आरोपावरून. फ्रान्समध्ये एप्रिल २०११ पासून चेहरा झाकणाऱ्या बाईला दंड होतो. त्याच फ्रान्सने २०२० मध्ये करोनाच्या काळात मास्क सक्तीचा केला. एक सरकार घालायला लावतं, दुसरं काढायला लावतं, आणि गडचांदूरमध्ये हे काम आपणच करतो.

मंड्याच्या कॉलेजात ८ फेब्रुवारी २०२२ ला भगवी उपरणी घातलेल्या टोळक्याने एका मुलीला घेरलं. तिने घोषणेला घोषणेने उत्तर दिलं. एकटी होती, हिंमत दाखवली. जमियतने तिला पाच लाखांचं बक्षीस जाहीर केलं. त्याच महिन्यांत कॉलेज सोडून घरी बसलेल्या, गुपचूप दुसरीकडे नाव घालणाऱ्या मुलींसाठी इतक्या तत्परतेने कोण धावलं? त्यांचा व्हिडिओ नव्हता.

फेब्रुवारीत पुन्हा बोर्डाची परीक्षा येईल, पुन्हा पत्रं निघतील, पुन्हा ग्रुप तापतील. त्याआधी आपल्या भागातल्या प्रत्येक केंद्राच्या मुख्याध्यापकांना भेटून एवढंच मागायचं आहे : नकाब घालून येणाऱ्या मुलीची ओळख शिक्षिकेने बाजूच्या खोलीत पटवावी, आणि परीक्षा दालनात ती चेहरा उघडा ठेवून पेपर लिहील हे तिच्या घरच्यांनी मान्य करावं. मुख्याध्यापकांकडे जायला आम्ही तयार आहोत. घरच्यांशी बोलायला कोण येतंय, ते कळवा.